तुरटीच्या पोटातलं आम्ल

तुरटीचा १०० ग्रॅमचा खडा विकत घेतला, तर त्यातलं ४५ ग्रॅमहून थोडं अधिक नुसतं पाणी असतं. हे पाणी हाताला लागत नाही की फडक्याने टिपता येत नाही. स्फटिकाच्या बांधणीतच ते बसलेलं असतं. लोखंडी तव्यावर खडा ठेवून मंद आच दिली की ९२ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो आपल्याच पाण्यात विरघळू लागतो. मग रटरटतो, फुगतो आणि शेवटी हलकी, पांढरी, बोटाने चुरडता येईल अशी लाही उरते. काष्ठौषधीच्या दुकानात तुरटीची लाही म्हणून मिळते ती हीच.

खड्याचं उरलेलं अंग म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम या दोन धातूंचं मिळून झालेलं सल्फेट. यातल्या पोटॅशियमकडे आपण फारसं पाहणार नाही. तुरटीच्या अंगी जे गुण आहेत ते जवळजवळ सगळे अ‍ॅल्युमिनियमचे. पाण्यात विरघळल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या आयनावर तीन धन भार असतात आणि आयनाचा आकार मात्र अगदी लहान. एवढ्याशा जागेत एवढा भार कोंबला गेल्यामुळे ऋण भाराचं जे काही जवळ येईल ते हा आयन धरून ठेवतो. मग ते मातीचे कण असोत, कापसाचा धागा, रक्तातलं प्रथिन किंवा पिठातलं फॉस्फेट. ही झाली एक गोष्ट. दुसरी गोष्ट एवढी सांगितली जात नाही. आयनाला बिलगलेल्या पाण्याच्या रेणूंमधले इलेक्ट्रॉनही तो स्वतःकडे ओढतो, त्या ओढाताणीत हायड्रोजन सुटा होतो आणि पाणी आम्लधर्मी बनतं. तुरटीच्या दाट द्रावणाचा सामू ३ ते ३.५ च्या घरात असतो, म्हणजे व्हिनेगरपासून फार लांब नाही. खडा जिभेला लावला तर तुरटपणाच्या पाठोपाठ किंचित आंबटही लागतं ते त्यामुळेच.

तुरटी आणि तिची भावंडं यांच्या सुरक्षिततेची चर्चा निघते तेव्हा सगळं बोलणं अ‍ॅल्युमिनियमपाशी अडकतं. इतिहास चाळला तर वेगळं चित्र दिसतं. तुरटीने केलेलं मोठं नुकसान बहुतेक वेळा तिच्यातल्या आम्लाने केलेलं आहे. अ‍ॅल्युमिनियमनेही घात केला आहे, पण तो मुख्यतः जिथे माणसाचं आतडं वगळून तो थेट रक्तात गेला तिथे. हा फरक ध्यानात ठेवला तर तुरटीबद्दलच्या बऱ्याचशा भीतीची आणि बऱ्याचशा बेफिकिरीचीही नीट छाननी करता येते.

पाणी निवळणं हा तुरटीचा आज सर्वांना ठाऊक असलेला उपयोग, पण माणसाने तिच्यासाठी लढाया केल्या त्या रंगासाठी. मंजिष्ठेच्या मुळ्यांचा लाल रंग नुसत्या सुती कापडावर टिकत नाही, दोन धुण्यांत उतरतो. कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलं, की अ‍ॅल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाच्या रेणूला धरतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला, तो मंजिष्ठेने रंगवलेला होता. कच्छमधले खत्री कारागीर अजरख छापतात तेव्हा आजही कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतात, मग जिथे लाल हवा तिथे डिंकात कालवलेली तुरटी आणि जिथे काळा हवा तिथे गुळात मुरवलेल्या लोखंडाचं पाणी ठशाने लावतात. कापड रंगाच्या कढईत उकळलं की तुरटी लागलेली जागा तेवढी लाल होते. याच कच्छमध्ये माता-नो-मढच्या परिसरात पूर्वी तुरटी काढली जाई. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिचं एक नाव सौराष्ट्री आहे, ते उगाच नाही.

युरोपचं दुखणं असं होतं की तिथल्या लोकरीच्या धंद्याला लागणारी तुरटी आशिया मायनरमधून येई आणि पंधराव्या शतकात त्या खाणी ऑटोमन तुर्कांच्या हाती गेल्या. १४६०च्या दशकाच्या आरंभी जोव्हानी दा कास्त्रो याला रोमच्या उत्तरेला तोल्फाच्या डोंगरात तुरटीचा दगड सापडला. तुर्कांवरचा विजयच मिळाला, अशा थाटात त्याने ही वार्ता पोप दुसऱ्या पायसला दिली. पोपने मक्ता स्वतःकडे घेतला, उत्पन्न धर्मयुद्धासाठी राखलं आणि तुर्की तुरटी विकत घेणं हे बहिष्काराला पात्र पाप ठरवलं. पुढे मेदिची सावकारांनी या व्यापारात हात घातला, आणि १४७२ साली व्होल्तेर्रा हे गाव लुटलं गेलं त्या भांडणाच्या मुळाशीही तुरटीचीच खाण होती.

पोपच्या मक्त्यातून सुटण्यासाठी इंग्रजांनी जी खटपट केली तिची कथा मला अधिक आवडते, कारण तिच्यात दरबार नाही, नुसती घाण आणि चिकाटी आहे. यॉर्कशरच्या समुद्रकाठी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तुरटीचे कारखाने निघाले. काळा पापुद्र्याचा दगड फोडून त्याचे डोंगरभर ढीग रचायचे आणि ते महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे. दगडातल्या गंधकाचं आम्ल होई, ते आम्ल दगडातलंच अ‍ॅल्युमिनियम विरघळवी. मग ढीग पाण्याने धुऊन ते पाणी आटवायचं. पण एवढ्याने तुरटीचे खडे पडत नसत. त्यात समुद्रशेवाळाची राख किंवा शिळं मूत्र घालावं लागे, आणि हे मूत्र पिंपांत भरून शहरांतून, पार लंडनहूनसुद्धा, जहाजाने येई. का घालायचं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. १७९७ साली व्होक्लँ आणि शाप्ताल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी उलगडा केला, की तुरटी हा दुहेरी क्षार आहे. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीला पोटॅश किंवा अमोनिया असावाच लागतो. राखेतून पोटॅश मिळे, मूत्रातून अमोनिया. दोनशे वर्षं कामगार बरोबर तेच करत आले होते. दहा-अकरा वर्षांनी हम्फ्री डेव्हीने तुरटीत दडलेल्या, अजून कोणी न पाहिलेल्या धातूला तुरटीच्या लॅटिन नावावरून नाव दिलं. धातू प्रत्यक्ष हाती यायला १८२५ साल उजाडलं. घरोघरच्या पातेल्यांचं नाव असं तुरटीवरून पडलेलं आहे.

आता पाण्याकडे वळू. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ होतं, कारण चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत असतात. प्रत्येक कणावर थोडा ऋण भार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर लोटतात आणि घागर दोन दिवस ठेवली तरी खाली बसत नाहीत. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम हा भार मोडतो. शिवाय पाण्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके बनतात आणि खाली जाता जाता ते वाटेतले कण गोळा करून नेतात. आपल्याकडे हे काम तुरटीआधी निवळीचं बी करत असे. भांड्याच्या आतल्या बाजूला बी उगाळायचं आणि पाणी भरायचं. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवणाऱ्या सात वस्तूंची यादी आहे. तिच्यात निवळी आहे, शेवाळाचं मूळ आहे, कापड आहे, मोतीसुद्धा आहे, तुरटी नाही.

घरगुती प्रमाण सांगायचं तर २० लिटरच्या घागरीला अर्धा ते एक ग्रॅम तुरटी पुष्कळ झाली. खडा पाण्यात चार-पाच वेळा फिरवायचा, पाणी थोडा वेळ हळूहळू ढवळायचं, काही तास हात न लावता ठेवायचं आणि गाळ हलू न देता वरचं पाणी काढून घ्यायचं. इथे एक गैरसमज अतिशय घट्ट रुजलेला आहे: पाणी निवळलं म्हणजे शुद्ध झालं. गाळाबरोबर बरेच जंतू खाली जातात हे खरं, पण सगळे जात नाहीत आणि गेलेले मरतातच असंही नाही. काविळीचा किंवा हगवणीचा जंतू नितळ पाण्यात मजेत राहतो. तुरटीनंतर पाणी उकळायला हवं किंवा त्यात क्लोरीन घालायला हवं. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ती याचसाठी. मात्र क्रम हाच असावा लागतो, कारण गढूळ पाण्यात क्लोरीनचं बळ मातीवरच खर्ची पडतं.

शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत ज्याला ‘अ‍ॅलम’ म्हणतात ते बहुधा आपली खड्याची तुरटी नसतं. ते असतं साधं अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, बॉक्साइटवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून बनवलेलं. हे बॉक्साइट आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या सड्यांवरही मिळतं. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी पॉली-अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड वापरतात. काहीही वापरलं तरी किती घालायचं हे रोज ठरवावं लागतं. प्रयोगशाळेत एका रांगेत सहा चंचुपात्रं ठेवून प्रत्येकात वेगळी मात्रा घालतात, यंत्राने सारख्या वेगाने ढवळतात आणि कुठल्या पात्रात पुंजके चांगले बसतात ते पाहतात. याला जार टेस्ट म्हणतात. पहिल्या पावसाच्या लोंढ्यात मात्रा चढते, हिवाळ्यात उतरते.

जास्त अ‍ॅलम घातलं की पाणी जास्त स्वच्छ होतं असं नाही, आणि इथेच आम्लाचा हिशेब सुरू होतो. घातलेलं प्रत्येक मिलिग्रॅम अ‍ॅलम पाण्यातली सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाऊन टाकतं. देशावरच्या काळ्या दगडातून आलेल्या जड पाण्यात क्षारता मुबलक असते, तिथे हे खपून जातं. कोकणात जांभ्याच्या मुलखातलं पाणी बहुधा मृदू असतं. त्यात क्षारता थोडी, ती लवकर संपते. मग सामू घसरतो, पुंजके धड बनत नाहीत आणि जो अ‍ॅल्युमिनियम गाळाबरोबर खाली बसायचा तोच विरघळलेल्या रूपात नळाने घरात येतो. म्हणून अशा पाण्यात सोबत चुना घालतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. नीट चालवलेल्या केंद्राला हे अवघड नाही.

नीट न चालवलेल्या केंद्राचं काय होतं ते ६ जुलै १९८८ रोजी इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये दिसलं. कॅमलफर्ड गावाजवळच्या लोअरमूर केंद्रात त्या दिवशी कोणी कर्मचारी नव्हता. अ‍ॅलमचं द्रावण घेऊन आलेल्या टँकरचालकाने २० टन माल चुकीच्या टाकीत ओतला. त्या टाकीत शुद्ध झालेलं पाणी होतं आणि ते थेट सुमारे २०,००० लोकांच्या नळांना जात होतं. पाणी इतकं आम्लधर्मी झालं की त्याने घरांतल्या तांब्याच्या आणि शिशाच्या नळांमधला धातू विरघळवला. लोकांच्या तोंडात व्रण आले, अंगावर पुरळ उठलं, उलट्या झाल्या, तांब्यामुळे काहींच्या केसांवर हिरवट छटा आली. नळ धुऊन ते पाणी नदीत सोडलं तर हजारो मासे मेले. सगळ्यांत वाईट भाग म्हणजे पाणीपुरवठा मंडळाने खरं कारण उघड करायला दोन आठवड्यांहून जास्त वेळ घेतला आणि तोवर पाणी पिण्यालायक असल्याचं सांगितलं गेलं. सरकारी तज्ज्ञ समितीने २०१३ साली अंतिम अहवालात म्हटलं, की बहुतेकांच्या प्रकृतीवर दीर्घकालीन परिणाम झाला असण्याची शक्यता कमी आहे. गावातल्या अनेकांना हे पटलेलं नाही. इतके दिवस लपवाछपवी झाल्यावर पटावं तरी कसं?

आम्लाचा दुसरा बळी आपल्या कपाटांत आहे. कागदावर शाई फुटू नये म्हणून त्याला खळ द्यावी लागते. १८०७ साली मोरित्स इलिग या जर्मन कारागिराने राळ आणि तुरटी लगद्यातच मिसळायची युक्ती छापून प्रसिद्ध केली. ती स्वस्त होती, यंत्राला सोयीची होती, आणि शतक संपेपर्यंत जगभरचा छपाईचा कागद असाच बनू लागला. तुरटीची जागा पुढे अ‍ॅल्युमिनियम सल्फेटने घेतली. कागदातल्या दमटपणाशी या सल्फेटची क्रिया होऊन थोडं थोडं आम्ल सुटत राहतं आणि ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत जातं. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन त्यात भर घालतं, आपली उष्ण-दमट हवा वेग वाढवते. जुन्या ग्रंथसंग्रहालयात १९२०-३०च्या काळातल्या मराठी मासिकाचा अंक उघडताना पानाचा कोपरा हातात येतो, त्यामागे हे आहे. उलट पुण्यात पेशवे दफ्तरातला दोन-अडीचशे वर्षांचा मोडी कागद अजून घडी घालता येईल असा आहे. तो कागद हाताने बनवलेला, तांदळाच्या खळीचा, दगडाने घोटलेला. जुन्नर आणि दौलताबादच्या कागद्यांनी त्यात तुरटीची अशी खळ वापरली नाही, हे आपलं नशीब. गेल्या काही दशकांत चांगल्या छपाईचा कागद कॅल्शियम कार्बोनेट घालून आम्लमुक्त करतात. पण छापून झालेल्या शंभर वर्षांच्या मजकुराला त्याचा उपयोग नाही. त्यावर एक तर निराम्लीकरणाची खर्चिक प्रक्रिया करायची, नाही तर डिजिटल प्रत काढून ठेवायची.

नॉर्वेत याहून दारुण प्रकार घडला. १९०४ साली ऊसेबर्ग येथे व्हायकिंग काळातलं जहाज खणून काढलं गेलं. त्याबरोबर कोरीव कामाच्या घसरगाड्या आणि कितीतरी लाकडी वस्तू निघाल्या. हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेलं लाकूड वाळताना चिरफाळू नये म्हणून वस्तू तुरटीच्या गरम द्रावणात मुरवल्या गेल्या. तेव्हाची ही सर्वमान्य पद्धत होती. त्या तापवण्यातच सल्फ्युरिक आम्ल सुटलं आणि ते लाकडात राहिलं. पुढे तपासणी झाली तेव्हा काही वस्तूंचा सामू १ च्या आसपास निघाला. आतलं लाकूड भुगा झालेलं, बाहेरून रोगणाच्या थराने आकार धरून ठेवलेला. खुद्द जहाजाला तुरटी दिली नव्हती, म्हणून ते वाचलं.

आता अ‍ॅल्युमिनियमचा हिशेब. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के अ‍ॅल्युमिनियम आहे, मातीत उगवणाऱ्या प्रत्येक गोष्टीत तो थोडाफार असतोच. आपल्या आतड्याला हे फार जुन्या काळापासून माहीत असावं, कारण गिळलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी हजारात एक ते तीन भागच रक्तात शिरतात. उरलेला विष्ठेतून जातो, आणि रक्तात शिरलेला मूत्रपिंड बाहेर टाकतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने २०११ साली आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम ही मर्यादा घालून दिली. ६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० मिलिग्रॅम. मानकाच्या कमाल पातळीचं पाणी तो रोज ३ लिटर प्यायला तरी आठवड्याचे ४ मिलिग्रॅमच होतात. तुरटी फिरवलेल्या घागरीने कोणाचा मेंदू बिघडतो, या भीतीला या आकडेमोडीत जागा मिळत नाही.

उलट पित्तावरच्या चघळायच्या गोळीकडे पाहा. त्यात अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असेल तर एका गोळीतून ७० ते १०० मिलिग्रॅम अ‍ॅल्युमिनियम पोटात जाऊ शकतो. आठवड्याचा वाटा जवळजवळ एका गोळीत. धडधाकट माणसाला अधूनमधून घेतलेल्या गोळीने काही होत नाही, पण तिच्यावर लिंबूसरबत पिऊ नये. सायट्रिक आम्लामुळे अ‍ॅल्युमिनियम शोषला जाण्याचं प्रमाण वाढतं. ज्यांची मूत्रपिंडं दुबळी आहेत त्यांनी अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत.

अन्नात तुरटी घालण्याचा इतिहास मात्र फसवणुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे पाववाले हलक्या पिठाचा पाव पांढरा शुभ्र दिसावा म्हणून त्यात सर्रास तुरटी मिसळत. फ्रेडरिक अ‍ॅकम याने १८२० साली अन्नातल्या भेसळीवर पुस्तक लिहून हे चव्हाट्यावर आणलं. पटकीचा उगम पाण्यात शोधणारा जॉन स्नो १८५७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आणखी पुढे गेला: लंडनच्या मुलांना मुडदूस होतो, कारण पावातली तुरटी पिठातलं फॉस्फेट धरून ठेवते आणि हाडांना ते मिळत नाही. मुडदुसामागे सूर्यप्रकाशाचा अभाव हे मोठं कारण होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. पण फॉस्फेटबद्दलचं त्याचं म्हणणं रसायनशास्त्राच्या कसोटीवर खरं उतरतं. शंभर-सव्वाशे वर्षांनी डॉक्टरांनी हाच गुण औषध म्हणून वापरला. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या रक्तात फॉस्फेट साचतं, ते आतड्यातच अडवावं म्हणून त्यांना अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड देऊ लागले.

आणि घात झाला. १९७०च्या दशकात डायलिसिसवरचे काही रुग्ण अडखळत बोलू लागले, त्यांच्या हातापायांना झटके येऊ लागले, स्मृती जाऊ लागली, काहींची हाडं सहज मोडू लागली. ज्या शहरांच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त तिथे रुग्ण जास्त. डेन्व्हरच्या अ‍ॅलन आल्फ्री यांच्या गटाने १९७६ साली मृतांच्या मेंदूत भरपूर अ‍ॅल्युमिनियम दाखवून दिला. डायलिसिसच्या एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताच्या शेजारून वाहतं. हजारात तीनच भाग आत सोडणारं आतडं या वाटेवर नाही आणि बाहेर टाकणारं मूत्रपिंडही नाही. आता डायलिसिसचं पाणी आरओतून काढतात, त्यातल्या अ‍ॅल्युमिनियमची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि हा आजार दुर्मीळ झाला. अल्झायमरची भीती बरीचशी याच काळातली. १९६५ साली सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार टोचून केलेले प्रयोग, १९७३ साली कॅनडात अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत आढळलेला अ‍ॅल्युमिनियम आणि पाठोपाठ डायलिसिसचे रुग्ण, अशी साखळी लोकांच्या मनात जुळली. पण डायलिसिसच्या रुग्णांच्या मेंदूतली विकृती अल्झायमरची नव्हती आणि नंतरच्या मोजमापांत एकवाक्यता आढळली नाही. अ‍ॅल्युमिनियममुळे अल्झायमर होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

कातडीचं प्रकरण थोडक्यात आटोपता येईल. दाढी करताना कापलं की तुरटी प्रथिनं गोठवते, कातडी आक्रसते, रक्त थांबतं. घरी स्वतःचा खडा असेल तर यात काही वावगं नाही. सलूनमध्ये एकच खडा दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरतो ते मला मंजूर नाही, कारण तुरटीने ‘ब’ काविळीचा विषाणू मरतो अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. शहरांतल्या दुकानांत हाच खडा गुळगुळीत करून, ‘नैसर्गिक, अ‍ॅल्युमिनियममुक्त’ डिओडरंट म्हणून दसपट भावाने विकला जातो. अ‍ॅल्युमिनियममुक्त तुरटी म्हणजे दूधमुक्त दही. बाकी अखंड कातडीतून अ‍ॅल्युमिनियम आत जाण्याचं प्रमाण इतकं नगण्य आहे, की डिओडरंटला घाबरण्याचंही कारण दिसत नाही. नाजूक भागांवर आणि आतल्या अंगाला तुरटी लावण्याचे जे सल्ले कुजबुजत दिले जातात ते मात्र सरळ घातक आहेत. तिथली त्वचा कोरडी पडते, सोलवटते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

उरली लस. १९२६ साली लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी घटसर्पाची लस शुद्ध करत होता. त्यासाठी त्याने ती तुरटीने साकळवली, तेव्हा लक्षात आलं की साकळवलेली लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती कितीतरी जोमाने जागी होते. तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियमचे क्षार लशीचे मदतनीस झाले. आज तुरटीऐवजी हायड्रॉक्साइड किंवा फॉस्फेट वापरतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या पंचगुणी लशीत अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेट आहे; पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून बनलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवलेला मदतनीस रेणू आहे. अमेरिकेत एका डोसमधल्या अ‍ॅल्युमिनियमची नेहमीची मर्यादा ०.८५ मिलिग्रॅम आहे.

लशीतल्यापेक्षा जास्त अ‍ॅल्युमिनियम बाळाच्या दुधातून जातो, असं सांगून पालकांची समजूत घातली जाते. आकडा बरोबर आहे, तुलना बरोबर नाही. दुधातला बहुतेक अ‍ॅल्युमिनियम आतडं अडवतं, टोचलेला सगळा आज ना उद्या रक्तात येतो. खरं उत्तर वेगळं आहे: मात्रा अतिशय लहान असते, ती स्नायूतून हळूहळू सुटते आणि निरोगी मूत्रपिंड ती बाहेर टाकतं. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या संशोधकांनी २०११ साली हा हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या वर्षातला एकूण साठा सुरक्षित पातळीच्या खालीच राहिला. २०२५ साली डेन्मार्कमधल्या बारा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लशींतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या मात्रेचा दमा, स्वयंप्रतिकार रोग किंवा स्वमग्नता यांच्याशी संबंध आढळला नाही.

या लशींना खरा धोका गोठण्याचा. बर्फ झाला की अ‍ॅल्युमिनियमच्या जेलचे कण एकमेकांना चिकटतात, पुन्हा सुटे होत नाहीत आणि लस निकामी होते. बाहेरून बाटली जशीच्या तशी दिसते. म्हणून आरोग्यसेविका आइस पॅक फ्रीजरमधून काढल्याबरोबर व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ठेवत नाहीत. त्याला पाणी सुटून आतला बर्फ खुळखुळेपर्यंत थांबतात. शंका आलीच तर शेक टेस्ट करतात. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित बाटलीबरोबर ती जोराने हलवायची आणि दोन्ही शेजारी ठेवून द्यायच्या. संशयित बाटलीतला गाळही गोठवलेल्या बाटलीइतक्याच झपाट्याने तळाशी बसला, तर ती लस फेकून देतात.